इस्त्री गार, बल्ब ढणढणा

प्रिलिमच्या आधीचा रविवार होता, मी भाकऱ्या थापत होते, हात पिठात, आणि लेकीनं सायन्सचं पुस्तक ओट्यावर आपटलं. म्हणाली, मम्मी, हे पुस्तक दोन तोंडांनी बोलतंय. म्हणलं काय झालं आता. तर म्हणे एका ओळीत लिहिलंय पॉवर म्हणजे आय स्क्वेअर आर (आय म्हणजे करंट, आर म्हणजे रेझिस्टन्स, तार किती अडवते ते), म्हणजे आर वाढला की पॉवर वाढली, आणि त्याच्याच पुढं लिहिलंय पॉवर म्हणजे व्ही स्क्वेअर बाय आर (व्ही म्हणजे व्होल्टेज), म्हणजे आर वाढला की पॉवर कमी झाली, मग नक्की काय होतं ते सांग. मी म्हणलं दोन्ही बरोबर आहे. "दोन्ही कसं बरोबर असेल? तू आणि आजी भांडताना पप्पा म्हणतात तसलं बरोबर आहे का हे?" आतल्या खोलीतून आई खुदकन हसली आणि माझी तव्यावरची भाकरी करपली.

तिचा वैताग खरा होता. बाहेर गड्डा, म्हणजे आमच्या सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, चालू, वर्गातल्या निम्म्या पोरी होम मैदानावर पाळण्यात बसून आलेल्या, आणि हिला मी सांगितलेलं की 'विद्युतधारेचे परिणाम'मधली गणितं संपल्याशिवाय गड्ड्याचं नाव काढायचं नाही. आणि खरं सांगू का, तिच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. दोन्ही बरोबर आहे एवढंच मला माहीत होतं, का बरोबर आहे ते नाही. मी १९९६ला दहावी झाले, आणि आम्हाला सायन्स शिकवायला जे होते त्यांना वर्गातल्या एका मुलानं हेच विचारलेलं, तर ते म्हणाले होते की तिन्ही फॉर्म्युले (तिसरा व्ही गुणिले आय) पाठ करा, गणितात जे दिलंय ते टाका, जे मागितलंय ते काढा, जास्त डोकं चालवू नका. आम्ही चालवलं नाही. मला सायन्सला बरे मार्क पडले, मी कॉमर्सला गेले, पतसंस्थेत लागले, विषय संपला.

गंमत म्हणजे ज्या पोरीच्या बापाचं वाइंडिंगचं दुकान होतं तिला हे येत नव्हतं.

अप्पांचं दुकान अशोक चौकाकडून आत गेलं की एका बोळात होतं, आजूबाजूला सगळे लूमचे कारखाने, चादरीचे आणि टॉवेलचे, दिवसभर खटखटखटखट, आणि लाइट गेली की एकदम अशी शांतता की कानाला दडे बसल्यासारखं व्हायचं. लूमची मोटर जळाली की अप्पांकडं यायची. उघडली की जळक्या इनॅमलचा वास, मग ती काळी पडलेली तार छिन्नीनं तोडून काढायची, नवीन कॉइल भरायची, वार्निश मारायचं. वार्निशचा वास माझ्या शाळेच्या दप्तरालासुद्धा यायचा. मोटरशिवाय मग मिक्सर, पंखे, इस्त्र्या, आणि जानेवारीत गड्ड्यातल्या स्टॉलवाल्यांच्या लायटिंगच्या माळा.

दुकानात भिंतीला एक सिरीज बोर्ड होता. ज्यांनी इलेक्ट्रिशियनचं दुकान पाहिलंय त्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. एक लाकडी पाटी, तिच्यावर एक होल्डर, होल्डरमध्ये शंभरचा पिवळा बल्ब, आणि शेजारी एक सॉकेट, पण वायरिंग असं की सॉकेटात जे लावाल त्यातून जाणारा करंट आधी बल्बमधून जाणार. म्हणजे रिपेरीला आलेली वस्तू डायरेक्ट लाइनवर लावायची नाही, आधी या बोर्डावर लावायची. आत शॉर्ट असेल तर फ्यूज उडत नाही, स्फोट होत नाही, नुसता बल्ब फुल पेटतो. आतली तार तुटलेली असेल तर बल्ब पेटतच नाही. अप्पा बल्बकडं बघून सांगायचे काय झालंय ते, डॉक्टर जिभेकडं बघून सांगतो तसं.

मी लहान असताना मला त्यातलं एकच कोडं पडायचं. अप्पा बोर्डावर चांगली धडधाकट इस्त्री लावायचे, साडेसातशे वॅटची, आणि शंभर वॅटचा बल्ब पेटायचा, जरासाच मंद, आणि इस्त्री गार. हात लावला तरी गार. मी विचारलं होतं, अप्पा, इस्त्री तर मोठी आहे ना, मग सगळं बल्बच का खातो? अप्पा तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेत म्हणाले, "जो जास्त अडवतो तोच तापतो, बाळ."

आणि हेच अप्पा शेगडीच्या बाबतीत बरोबर उलटं सांगायचे. तेव्हा घरोघरी कॉइलची इलेक्ट्रिक शेगडी असायची, पांढऱ्या मातीच्या प्लेटमध्ये स्प्रिंगसारखी कॉइल. ती तुटायची. मग बायका स्वतःच दोन टोकं ओढून एकमेकांत अडकवायच्या आणि परत चालू करायच्या, आणि पंधरा दिवसांनी परत तुटलेली शेगडी घेऊन दुकानात यायच्या. अप्पा म्हणायचे, वहिनी, तुम्ही मधला जळका तुकडा काढून टाकला, कॉइल आखूड झाली, आता ती कमी अडवते म्हणून जास्त तापते, जास्त तापते म्हणून लवकर तुटते. म्हणजे इथं जो कमी अडवतो तो तापतो! लेकीच्या पुस्तकाची दोन तोंडं अप्पांच्या एकाच तोंडात होती आणि मी कित्येक वर्षं त्याकडं लक्षच दिलं नाही.

तर त्या रविवारी मी ठरवलं की चला, हे आता करूनच बघू. दुपारी नवी पेठेत गेले. एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात चार पेन्सिल सेलचा होल्डर घेतला, चार साधे सेल घेतले आणि म्हणलं दहा ओमचे रेझिस्टर द्या तीन. दुकानदार म्हणाला, "किती वॅटचा देऊ अक्का?" मी म्हणलं कुठलाही द्या, चालतंय. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं, खांदे उडवले आणि डबीतून तीन बारके रेझिस्टर काढून दिले, तांदळाच्या दाण्याहून जरासे मोठे, पाव वॅटचे, अंगावर तपकिरी काळा काळा सोनेरी पट्टे.

घरी येऊन होल्डरच्या दोन वायरी त्या दाण्याच्या दोन पायांना पिळल्या. दोन-तीन सेकंद काहीच नाही. मग एक बारीक धुराची रेघ उठली, पट्टे काळे पडायला लागले, आणि मी 'अगं बाई' म्हणून तो काढायला गेले तर बोटाला असा चटका बसला की अजून तर्जनीवर डाग आहे. धाकटा खिडकीतून ओरडला, "आई काय करलालीस बे!" आईला 'बे' म्हणू नये हे त्याला हजारदा सांगितलंय, पण त्या वेळी मी काही बोलले नाही. आणि तो वास! तीस वर्षांनी घरात अप्पांच्या दुकानाचा वास आला.

लेक वहीवर आकडे मांडत बसली होती, ती तिथूनच म्हणाली, मम्मी, सहा व्होल्ट आणि दहा ओम म्हणजे ०.६ अँपिअर, सहा गुणिले ०.६ म्हणजे ३.६ वॅट. तू घेतलास पाव वॅटचा. चौदा पट झालं.

बघा, दुकानदारानं वॅट विचारलं ते काय विचारलं हे मला तेव्हा कळलं. बल्बवर लिहिलेलं वॅट आणि रेझिस्टरवरचं वॅट ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बल्बवर ६० लिहिलंय म्हणजे २३० व्होल्टवर लावला तर तो ६० वॅट खातो. रेझिस्टरवरचं पाव वॅट म्हणजे तो पाव वॅटपर्यंत सोसतो. खाणार किती हे तो ठरवत नाही, ते सर्किट ठरवतं. पाटावर बसलेल्या माणसाची भूक किती आणि पाट किती वजन पेलतो, इतका फरक आहे यात, आणि तो मला कोणी सांगितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर परत त्याच दुकानात. पाच वॅटचे पांढरे सिमेंटचे चौकोनी रेझिस्टर घेतले, दहा ओमचेच, तीन. दुकानदार काही बोलला नाही, माझ्या बोटावरची पट्टी मात्र बघितली.

आधी आम्ही कागदावर केलं. एक रेझिस्टर १० ओमचा, आणि दोन दहाचे एकामागं एक जोडून दुसरा २० ओमचा. बॅटरी ६ व्होल्टची. हे दोघं समांतर लावले, म्हणजे दोघांचीही दोन्ही टोकं थेट बॅटरीला, तर दोघांनाही पूर्ण ६ व्होल्ट मिळतात. १०च्या ओमला ३६ भागिले १०, ३.६ वॅट. २०च्या ओमला ३६ भागिले २०, १.८ वॅट. म्हणजे कमी ओमवाला दुप्पट खातो. आता तेच दोघं एकसर लावले, एकामागं एक. एकूण ३० ओम, करंट ०.२ अँपिअर, दोघांतून तोच करंट जाणार, दुसरी वाटच नाही. ०.२चा स्क्वेअर ०.०४. १०च्या ओमला ०.४ वॅट, २०च्या ओमला ०.८ वॅट. जास्त ओमवाला दुप्पट खातो. तीच माणसं, तीच बॅटरी, नुसती पंगत बदलली आणि जेवण उलटं झालं. आणि एकूण बघा, समांतरमध्ये दोघांचे मिळून ५.४ वॅट, एकसरमध्ये १.२. बॅटरीकडून ६ गुणिले ०.२ काढलं तरी १.२च येतं, म्हणजे हिशोब जुळला. माझ्यातला क्लार्क असा दोन्हीकडून हिशोब जुळला की खुश होतो.

लेक म्हणाली पण मग मला पेपरात कसं कळणार कुठला फॉर्म्युला कधी वापरायचा. आणि तेव्हा माझ्या तोंडातून एक शब्द निघाला जो मी रोज कर्जाच्या फायलींत वाचते, सातबाऱ्यावर असतो तो. सामाईक. म्हणलं, दोघांच्यात सामाईक काय आहे ते आधी बघ. विहीर सामाईक आहे का बांध सामाईक आहे. समांतर असेल तर व्होल्टेज सामाईक, मग व्ही धरून बसायचं आणि व्ही स्क्वेअर बाय आर. एकसर असेल तर करंट सामाईक, मग आय धरायचा आणि आय स्क्वेअर आर. फॉर्म्युले तर दोन्हीकडं दोन्ही चालतात, उत्तर तेच येतं, पण कोण जास्त खातो हे जर नुसत्या नजरेनं सांगायचं असेल तर जे बदलत नाहीये त्याचा हात धरायचा. आर वाढवला आणि व्ही तोच राहिला तर आय कमी होतो, हे आम्ही विसरत होतो. फॉर्म्युल्यात आय लिहिलंय म्हणून आय आपला जागेवर बसून राहील असं थोडंच आहे.

ती दोन मिनिटं गप्प बसली. मग म्हणाली, म्हणजे शेगडी म्हणजे व्होल्टेज सामाईक आणि बोर्डावरची इस्त्री म्हणजे करंट सामाईक. मी तिला अप्पांचं सगळं आधीच सांगितलं होतं. मला मात्र हे दोन्ही असं जोडून सुचलं नव्हतं.

मग मीटर काढला. अप्पांचा जुना काट्याचा मीटर होता तो कधीच गेला, हा साधा पिवळा डिजिटल. करंट मोजायचा म्हणजे सर्किट तोडून मीटर मधे घालावा लागतो, आणि चुकून व्होल्टेजसारखा आडवा लावला तर मीटरचा फ्यूज जातो, ती भानगड मला नको होती. म्हणलं नुसतं व्होल्टेज मोजू आणि ओमनी भागू, करंट आपोआप येतो.

काहीच न लावता बॅटरीवर मीटरनं दाखवलं ६.३. नवीन सेल दीड व्होल्टच्या जरा वरच असतात. मग एक दहा ओमचा रेझिस्टर लावला आणि आकडा धपकन खाली आला, ५.४. लेक म्हणाली सेल खराब निघाले, परत दे. पण काढला की परत ६.३च्या जवळ. लावला की ५.४. मग हे मधले ०.९ व्होल्ट जातात कुठं?

सेलच्या आत. सेलला स्वतःचाच एक रेझिस्टन्स असतो आतला, आणि तो बाहेरच्या सगळ्यांच्या रांगेत पहिला उभा असतो. ५.४ भागिले १० म्हणजे ०.५४ अँपिअर वाहतोय, त्याच करंटनं आत ०.९ व्होल्ट पडतायत, म्हणजे आतला रेझिस्टन्स ०.९ भागिले ०.५४, साधारण १.६७ ओम, चार सेल आणि होल्डरचे पत्रे सगळं मिळून. आता पॉवर बघा. रेझिस्टरला ५.४ गुणिले ०.५४, म्हणजे २.९ वॅट. सेलच्या पोटात ०.९ गुणिले ०.५४, जवळजवळ ०.५ वॅट. एकूण ३.४. म्हणजे आम्ही कागदावर लिहिलेले ३.६ वॅट कुणालाच मिळाले नव्हते, आणि जे मिळाले त्यातला सातवा हिस्सा सेलनं स्वतःच्याच अंगावर खर्च केला. कमिशन कापून हातात पैसे आल्यासारखं. दहा मिनिटांनी सेलला हात लावला तर खरंच कोमट लागत होते, पांढऱ्या रेझिस्टरला तर बोट टेकवत नव्हतं.

त्याच्याच शेजारी २० ओमवाला समांतर लावला तर मीटर आणखी खाली, ५ व्होल्टच्या जरासा वर. म्हणजे १० ओमवाल्याला मघाशी २.९ वॅट मिळत होते ते आता अडीचवर आले, त्याची काही चूक नसताना, नुसता शेजारी आला म्हणून. आमच्या बिल्डिंगमध्ये पाणी सुटलं की खालच्यांनी मोटर चालू केली की आमचा नळ असाच बारीक होतो. व्होल्टेज सामाईक, व्होल्टेज सामाईक असं मी तिला शिकवलं खरं, पण विहिरीचं पाणी उपशानं खाली जातं हे सांगायचं राहिलं.

इथं लेकीनं मला परत पेचात पकडलं. म्हणाली, व्ही स्क्वेअर बाय आर ना, मग आर शून्य केला तर पॉवर अनंत? मी म्हणलं करून बघायचं नाही, कागदावर कर. बाहेर शून्य ओम, म्हणजे नुसती तार. मग अडवायला उरला फक्त आतला १.६७ ओम. ६.३ भागिले १.६७, पावणेचार अँपिअर. पॉवर झाली जवळजवळ २४ वॅट, अनंत वगैरे काही नाही, आणि ती सगळीच्या सगळी सेलच्या आत. बाहेरच्या तारेला जवळजवळ काहीच नाही. म्हणून खिशात सुट्टे सेल आणि किल्ल्या एकत्र ठेवू नयेत म्हणतात, तापतात ते सेल तापतात. मग बाहेरच्याला जास्तीत जास्त कधी मिळेल? तिनं वेगवेगळे आकडे टाकून पाहिले, १० ओम, ५, ३, २, १, अर्धा. पॉवर वाढत वाढत गेली आणि दोनच्या खाली कुठंतरी परत उतरायला लागली. बाहेरचा ओम आतल्या ओमइतका झाला की सगळ्यात जास्त, आमच्या बॅटरीत साधारण ६ वॅट. पण तेव्हा आत पण तेवढेच ६ वॅट जळतात. अर्धं तुला अर्धं मला. सगळ्यात जास्त हवं असेल तर निम्मं वाया घालवायची तयारी ठेवायची, आणि सेल पुरवून वापरायचा असेल तर बाहेर मोठा ओम लावून थोडं थोडं घ्यायचं.

करंटनं किती उष्णता होते हे पहिल्यांदा ज्यानं नीट मोजून काढलं तो जेम्स ज्यूल, इंग्लंडात मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डचा, घरचा बिअरचा कारखाना होता त्यांचा. १८४१ला त्याचा निबंध छापला तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा होता. पाण्यात तारेचं वेटोळं ठेवायचं, करंट सोडायचा, थर्मामीटर बघायचा, करंट दुप्पट केला की उष्णता चौपट होते हे नोंदवायचं. मला आवडलं ते हे की त्या निबंधाच्या नावातच तारांबरोबर बॅटरीच्या आतल्या उष्णतेचापण उल्लेख आहे. म्हणजे त्याला पहिल्यापासून पोटातला हिस्सा मोजायचा होता. दारूच्या कारखान्यातला पोरगा, हिशोबात घट कुठं गेली हे विचारायची सवय असणारच, असं आपलं मला वाटतं.

चौपटवरून आठवलं. लूममध्ये काही अडकून मोटर जाम झाली की ती पाच-सहा पट करंट खेचते. पाच पट करंट म्हणजे पंचवीस पट उष्णता. म्हणून कारागिरानं एक मिनिट स्विच बंद करायला उशीर केला की मोटर अप्पांच्या दुकानात. आमचं घर त्या स्क्वेअरवर चालायचं म्हणा ना.

पॉवर आणि एनर्जी यातला घोळ मात्र लेकीचा लगेच सुटला, कारण मी पतसंस्थेत पिग्मी बघते. एजंट रोज दुकानातून पन्नास रुपये घेतो, तो रोजचा पन्नास म्हणजे पॉवर. वर्षाअखेर पासबुकात जमा किती ते म्हणजे एनर्जी. 'रोज' हा शब्द पॉवरच्या पोटातच आहे, वॅट म्हणजेच दर सेकंदाला एक ज्यूल. म्हणून कोणी म्हणालं की फताटेवाडीचा एनटीपीसीचा प्लांट तासाला १३२० मेगावॅट वीज करतो, तर ते 'रोज दिवसाला पन्नास' म्हणल्यासारखं आहे. तो १३२० मेगावॅटचा आहे, बस. तासभर फुल चालला तर १३ लाख २० हजार युनिट झाले, कारण एक युनिट म्हणजे एक किलोवॅट एक तास, म्हणजे ३६ लाख ज्यूल.

आता ३६ लाख ज्यूल म्हणजे किती ते पेन्सिल सेलात मोजू. चांगला अल्कलाइन पेन्सिल सेल सुरुवातीपासून शेवटपर्यंत साधारण तीन वॅट-अवर देतो, म्हणजे जवळजवळ ११ हजार ज्यूल. एका युनिटला असे सव्वातीनशेच्या वर सेल लागतील. एक सेल वीस रुपयांना धरला तरी साडेसहा हजार रुपये. मीटरवरचं युनिट महाग झालं म्हणून आम्ही ओरडतो आणि रिमोटमध्ये सोन्याच्या भावाची वीज घालतो.

आणि चहा. लेकीनं स्वतः काढलेलं गणित आहे हे, मी फक्त तपासलं. दीडशे मिली पाणी, तीस डिग्रीवरून शंभरला न्यायचं. दीडशे गुणिले ४.१८ गुणिले सत्तर, साधारण ४४ हजार ज्यूल. म्हणजे चार अल्कलाइन सेल पूर्ण रिकामे केले, एक थेंब उष्णता बाहेर जाऊ दिली नाही, तर एक कप पाणी उकळेल. साखर, पत्ती, दूध वेगळं. आमच्या त्या २.९ वॅटच्या पांढऱ्या रेझिस्टरनं करायचं तर चार तासाच्या वर लागतील, आणि खरं म्हणजे कधीच उकळणार नाही कारण तेवढ्या वेळात कप गार होत राहणार. आई म्हणाली, गॅस आहे घरात.

एक गोष्ट अर्धवट राहिली ती पण सांगते. टॉर्चचा जुना बल्ब सापडला, त्यावर २.५ व्होल्ट ०.३ अँपिअर लिहिलेलं, म्हणजे आठ ओमच्या वर यायला हवा. मीटरनं दाखवला एक ओमच्या आसपास. दोघी चक्रावलो. बल्बची तार गार असताना कमी अडवते आणि पेटून पांढरी झाली की आठ-दहा पट अडवते, असं ते आहे. म्हणजे बल्बचा आर हा एक आकडा नाहीच. पुस्तकातल्या गणितात तो गप्प एक आकडा असतो. लेकीला म्हणलं पेपरात तसंच धर.

मंगळवारी संध्याकाळी ती म्हणाली, तो बोर्ड आहे का अजून? दुकान बंद झालं तेव्हा बरंच सामान भंगारात गेलं, पण बोर्ड आईनं दिला नव्हता. माळ्यावर एका विरलेल्या चादरीत गुंडाळून ठेवलेला, वर मोराची नक्षी, आता मोराची मान गेलेली. बल्ब अजून होल्डरमध्येच. पुसला, वायर तपासली, एका ठिकाणी टेप मारली. पोरांना लांब उभं केलं, घरातली साडेसातशेची इस्त्री सॉकेटात लावली आणि स्विच दाबला. बल्ब पेटला. पिवळा, ढणढणा, भिंतीवर आमच्या सगळ्यांच्या सावल्या पडल्या.

लेकीनं वहीत आधीच काढून ठेवलं होतं. इस्त्री साधारण ७० ओम, बल्ब ५२९, एकूण सहाशेच्या आसपास, करंट ०.३८. बल्बला ७८ वॅट, इस्त्रीला दहा. साडेसातशेची इस्त्री, दहा वॅटवर. ती आकड्याकडं बघत होती, मी बल्बकडं, आणि आई त्या बोर्डाकडं. दहा मिनिटं ठेवलं तसंच. मग स्विच बंद करून, प्लग काढून, लेकीनं इस्त्रीच्या तळाला सगळा हात टेकवला.

"कोमट झालीये. जराशीच."

आई म्हणाली, "झालं का तुमचं? माझ्या दोन साड्या आहेत इस्त्रीच्या, ती भिंतीच्या स्विचला लावा बघू आता, गड्ड्याला जायचंय ना."